देश सोडायच्या आधी खेळण्यांचं कलेक्शन विकताय? तारीख कुणाला सांगू नका

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. कलेक्शन विकायला काढलंत की आपण कधी जाणार ती तारीख कुणाला म्हणजे कुणालाही सांगायची नाही. का विकताय विचारलं तर परदेशी शिफ्ट होतोय म्हणून खुशाल सांगा, उलट त्याने समोरच्याला भरवसा वाटतो की माल चोरीचा नाही आणि माणूस टाइमपास करत नाहीये. पण "कधी निघताय?" आलं की "अजून वेळ आहे हो, कागदपत्रं चालू आहेत" एवढंच. मी पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाला भोळेपणाने तारीख सांगून बसलो आणि तो पठ्ठ्या साडेचार महिने गप्प राहिला आणि फ्लाइटच्या आठ दिवस आधी बरोबर उगवला, "राहिलंय का काही? सगळं एकरकमी उचलतो" म्हणाला आणि जो आकडा बोलला तो ऐकून हसावं का रडावं कळेना. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय. उरलेल्यातलं बरंचसं दिलं मी त्याला.

तर माझ्याकडे होतं काय, सव्वातीनशे छोट्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या गाड्या, १:६४ वाल्या (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या), निम्म्या पाकिटात निम्म्या सुट्या, तीसेक लेगो सेट, एक खोकाभर ॲक्शन फिगर्स (हातपाय हलणारे खेळण्यातले वीर) आणि ताईच्या लहानपणच्या बाहुल्या ज्या तिने "तुझ्या कपाटात जागा आहे ना" म्हणून माझ्या गळ्यात मारलेल्या. तुमच्याकडे वेगळं असेल पण पद्धत तीच लागते.

पहिलं काम विकायचं नाहीच, मोजायचं. एक शीट उघडा आणि एकूण एक वस्तू लिहा. नाव, कंपनी, असेल तर सेट नंबर किंवा मॉडेल नंबर, वर्ष, पाकिटात का सुटी, काय तुटलंय, काय हरवलंय. कंटाळवाणं आहे, मला तीन वीकेंड लागले, पण ही शीट पुढे दहा ठिकाणी कामाला येते, जाहिरातीला, भाव ठरवायला, कुरियरला, आणि जे बरोबर नेणार त्याची यादी सामानाबरोबर लागते तेव्हाही. आणि लिहिता लिहिता तुम्हाला कळतं की आपल्याकडे एकच गाडी चार वेळा घेतलेली आहे. असो.

वर्ष लिहिताना मात्र गंमत आहे, इथे भलेभले फसतात. गाडीच्या खाली बेसवर जे वर्ष कोरलेलं असतं ते ती गाडी बनवल्याचं वर्ष नसतं, ते त्या कास्टिंगचं, म्हणजे त्या साच्याच्या डिझाइनचं कॉपीराइट वर्ष असतं. एकच साचा वीस वीस वर्षं चालतो. हॉट व्हील्स १९६८ साली सुरू झाली, त्यामुळे बेसवर १९६९ दिसलं की लोक उड्या मारतात आणि "दुर्मिळ, पन्नास वर्षं जुनी" म्हणून टाकतात, आणि खाली कुणीतरी जाणकार येऊन त्यांची पिसं काढतो. खरोखरच्या सुरुवातीच्या गाड्यांच्या चाकांना लाल रेघ असते, ती १९७७ पर्यंत होती, त्यांना रेडलाइनच म्हणतात. अलीकडच्या गाड्यांच्या बेसवर एक अक्षर आणि दोन आकडे असा छोटा कोड असतो, त्यात अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडे म्हणजे आठवडा, खरा काळ कळतो तो त्यावरून. बार्बीचंही तसंच, कमरेखाली १९६६ कोरलेलं असतं आणि ती बाहुली नव्वदच्या दशकातली निघते, कारण ते वर्ष त्या बॉडीच्या डिझाइनचं आहे. ताईच्या बाहुल्या "साठ सालच्या" आहेत असं आमच्याकडे वर्षानुवर्षं कौतुकाने सांगितलं जायचं. साठ साली ताई तर सोडाच, आईसुद्धा शाळेत जायची. मॅचबॉक्सचं तुलनेने सोपं आहे, खाली लेस्नी आणि इंग्लंड लिहिलेलं असेल तर ती जुनी, कारण मॅचबॉक्सच्या गाड्या बनवणारी लेस्नी कंपनी १९८२ मध्ये बुडाली आणि त्यानंतर मालक बदलत गेले.

लेगोला हा घोळ नाही, डब्यावर आणि सूचना-पुस्तिकेवर सेट नंबर असतो, तो टाकला की सगळी कुंडली निघते, किती तुकडे, कोणती माणसं, कोणत्या साली आला. पुस्तिका हरवली असली तरी घाबरू नका, बहुतेक पुस्तिका ऑनलाइन मिळतात, फक्त छापील नाही हे जाहिरातीत लिहा म्हणजे झालं.

आता भाव. हौसेला मोल नसतं म्हणतात ते विकायला बसलं की अक्षरशः खरं होतं, तुमच्या हौसेचं मोल कुणीच देत नाही. तुम्ही कितीला घेतली, किती दुकानं पालथी घातली, पहाटे पाचला रांगेत उभं राहून घेतली, याचा भावाशी काडीचा संबंध नाही. आणि लोक किती मागतायत याचाही नाही! मागणारा काहीही मागेल. बघायचं ते प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते. ईबेवर सर्च केल्यावर विकलेल्या वस्तूंचा फिल्टर लावता येतो, तो लावा, आणि एक सगळ्यात महाग गेलेली बघून हुरळून जाऊ नका, पाच सात बघा, वरची एक आणि खालची एक सोडून द्या आणि मधल्यांवर विचार करा. लेगोसाठी ब्रिकलिंकवर (लेगोच्या खरेदी-विक्रीची वेबसाइट) प्राइस गाइड असतं त्यात गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष झालेली विक्री दिसते, नवीन आणि वापरलेलं वेगवेगळं, ते तर सोनंच आहे. आणि मग त्यातून थोडं कमी धरा, कारण तुम्ही दुकान टाकून बसलेले नाही आहात, तुम्हाला निघायचंय.

माझं पहिलं मोठं चुकलं ते पुढे. सव्वातीनशेतल्या ज्या बारा चौदा गाड्या भारी होत्या, दोन सुपर ट्रेझर हंट (हॉट व्हील्सच्या मुद्दाम कमी काढलेल्या गाड्या) वगैरे, त्या मी पहिल्या दहा दिवसांत विकून टाकल्या. झटक्यात गेल्या, पैसे आले, मी खूश. आणि मग उरलेल्या तीनशे गाड्यांकडे कुणी ढुंकूनही बघेना. नंतर एका जुन्या कलेक्टरने समजावलं की अरे मालगाडीचं इंजिन काढून विकलंस, आता डबे कोण ओढणार? म्हणजे काय करायचं, लॉट, म्हणजे एकत्र विकायचा गठ्ठा, लावताना प्रत्येक लॉटमध्ये एक तरी गाडी अशी ठेवायची की जिच्यासाठी माणूस बाकीच्या चोवीस घेईल. सगळ्यात महागडे दोन चार पीस एकेकटे विका, ते बरोबरच आहे, पण त्याच्या खालची जी फळी असते ना, बऱ्यापैकी चांगली पण फार दुर्मिळ नाही, ती लॉटमध्ये वाटून टाका.

कुठली वस्तू एकेकटी आणि कुठली लॉटमध्ये हे ठरवायचा माझा हिशोब सरळ आहे. एक वस्तू विकायला साधारण तासभर जातो. फोटो काढा, लिहा, "अव्हेलेबल?" म्हणून विचारून गायब होणाऱ्या सहा जणांना उत्तरं द्या, घासाघीस करा, पॅक करा, कुरियरला जाऊन या. आता स्वतःच्या तासाची काय किंमत धरायची ती तुम्ही धरा, आणि ज्या वस्तूतून तेवढे सुटत नाहीत ती लॉटमध्ये. बस. नाहीतर तीनशे गाड्या एकेक करून विकायच्या म्हणजे तीनशे तास, तेवढ्यात व्हिसाची मुदत संपेल.

ट्रेझर हंटवरून आठवलं, विकायच्या आधी सुट्या आणि पाकिटातल्या सगळ्या गाड्या एकदा नीट उलट्यासुलट्या करून बघा. हॉट व्हील्सची ट्रेझर हंट मालिका १९९५ मध्ये सुरू झाली आणि २००७ पासून त्यात साधी आणि सुपर असे दोन प्रकार झाले. सुपर असली तर रंग काचेसारखा चकाकणारा असतो आणि चाकं खऱ्या रबराची. अलीकडच्या सुपर गाड्यांच्या अंगावर टीएच अशी बारीक अक्षरं असतात, आणि साध्या ट्रेझर हंटवर वर्तुळातली ज्वाला असते. माझ्या सुट्या गाड्यांच्या डब्यात एक साधी निघाली, भाच्याने तिला भिंतीवर इतकी आपटलेली की ज्वाला अर्धीच उरलेली. लेगोत हेच काम माणसं करतात. आपण ज्यांना छोटी माणसं म्हणतो त्या मिनीफिगर्स, १९७८ पासून आहेत, आणि कित्येक सेटमध्ये निम्मी किंमत त्या तीन माणसांचीच असते. माणसं वेगळी काढून विकायचा मोह होतो, पण मग उरलेला सेट म्हणजे नुसत्या विटा. पुन्हा तेच, इंजिन.

स्वच्छतेबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे लोक वस्तू सुधारायला जातात आणि वाट लावतात. नियम एकच, धूळ काढायची, वय काढायचं नाही. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ टूथब्रश, आणि सावलीत वाळवणं, प्लास्टिकला एवढं पुष्कळ. जिथे स्टिकर आहेत, धातूचे स्क्रू किंवा स्प्रिंगा आहेत, पत्र्याची खेळणी आहेत, तिथे पाण्यात बुडवायचं नाही, ओलसर कापडाने पुसा आणि लगेच कोरडं करा, नाहीतर आतून गंज. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, त्यातल्या ॲसिटोनने प्लास्टिक विरघळतं, आणि सॅनिटायझरसुद्धा नको, गाडीवरची बारीक छपाई त्याने निघून येते (विचारू नका मला कसं माहीत). जुन्या मऊ रबरी प्लास्टिकच्या फिगर्स हाताला चिकट लागायला लागतात, तो मळ नसतो, प्लास्टिक मऊ राहावं म्हणून आत घातलेलं द्रव्य बाहेर झिरपत असतं, कोमट साबणपाण्याने धुतलं की जातं पण काही महिन्यांनी परत येतं, म्हणून जाहिरातीत लिहून टाका. पांढरे भाग पिवळे पडलेत तर पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत, करू नका, निदान विकायच्या आधी तरी नाही, काही वेळा डाग पडतात, काही वेळा वर्षभरात पिवळेपणा परत येतो आणि घेणारा तुमच्या नावाने बोंब मारतो. पिवळं आहे ते पिवळं म्हणून विका.

बॅटरीचे कप्पे सगळे उघडून बघा. सगळे. साध्या अल्कलाइन सेलमधून पांढरी पावडर बाहेर आली असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसता येतं, कारण ती गळती अल्कधर्मी असते, हातमोजे घाला, मग ओल्या बोळ्याने पुसून पूर्ण कोरडं करा आणि त्यानंतरच नवे सेल घालून चालतंय का ते बघा. चालत असेल तर तो व्हिडिओ काढून ठेवा. आणि विकताना सेल काढूनच पाठवा. रिमोटच्या गाड्यांच्या लिथियम बॅटऱ्यांना तर कुरियरवाले नियम लावतात, कधी कधी घेतच नाहीत, आणि फुगलेली बॅटरी असली तर ती विकायची नाही न्यायची नाही, ई-कचऱ्यात.

बाहुल्यांच्या बाबतीत एक, जुन्या बार्बीच्या कानाजवळ हिरवा डाग दिसला तर तो घासत बसू नका, कानातल्या धातूचा असतो तो, प्लास्टिकच्या आत मुरलेला. कानातलं काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, डागाचा फोटो द्या, झालं. आणि ऐंशीच्या दशकातल्या छोट्या जी. आय. जो फिगर्स (अमेरिकन सैनिकांची खेळणी) असतील तर कंबरेतून तुटल्यासारखं वाटलं म्हणून फेकू नका, आत एक रबरी रिंग असते ती वाळून तुटते, रिंग बदलली की माणूस परत उभा. ती रिंग मिळते. न बदलता विकलंत तरी "रिंग गेलीये" लिहा, "तुटलेला" लिहू नका, दोन्हीच्या भावात फरक आहे.

आणखी एक जबाबदारीचं. फार जुनी रंगवलेली खेळणी असतील, पत्र्याची, लाकडाची, तर त्यांच्या रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेतसुद्धा खेळण्यांवरच्या शिशाच्या रंगावर बंदी यायला १९७८ साल उजाडलं. अशी वस्तू कलेक्टरला विका, शोकेससाठी आहे असं स्पष्ट लिहा, कुणी "मुलाला खेळायला हवंय" म्हणालं तर नाही म्हणा. दोन पैसे कमी मिळतील, मिळू देत.

फोटो. दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मागे साधा कागद. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, खालून, आणि जिथे जिथे खोट आहे तिथला जवळून. खोट दाखवायला लाजायचं नाही, उलट मी तर पहिल्या तीन फोटोंतच दाखवायचो कारण त्याने फालतू चौकश्या निम्म्या होतात आणि नंतरची भांडणं जवळपास संपतातच. पाकिटातली असेल तर कार्डाचे चारही कोपरे, वर टांगायचं भोक, आणि ब्लिस्टर, म्हणजे गाडीवरचं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण, कुठे दबलाय किंवा सुटलाय का ते. पाकिटातल्या मालात तुम्ही गाडी विकत नसता, कार्ड विकत असता, कोपरा दुमडला की भाव पडला.

लिहिताना "रेअर", "अँटिक", "व्हिंटेज" असले शब्द टाळा, जाणकार हसतात आणि पुढे जातात. कंपनी, मालिका, मॉडेल, रंग, नंबर, अवस्था. आणि "कम्प्लीट" हा शब्द तर शंभरदा विचार करून. मी एका मोठ्या लेगो सेटला कम्प्लीट लिहिलं, बाराशे तुकड्यांचा होता, आणि घेणाऱ्याने जोडत जोडत जाऊन शेवटच्या पानावर एक बिजागरी कमी आहे असं शोधून काढलं. एक बिजागरी! पण बरोबर त्याचंच होतं, थोडे पैसे परत दिले. तेव्हापासून एक तर सेट जोडूनच फोटो काढायचा, नाहीतर "तपासलेला नाही, एखाद दुसरा तुकडा कमी असू शकतो" असं लिहायचं. राखाडी तुकड्यांवरही लक्ष ठेवा, लेगोने २००४ च्या सुमारास राखाडी रंगाची छटा बदलली, जुन्या सेटमध्ये नवीन निळसर राखाडी तुकडे मिसळले असतील तर पक्के लोक लगेच ओळखतात.

आता वेळापत्रक, आणि हे उलटं मोजायचं, जायच्या दिवसापासून मागे. शेवटचे पंधरा दिवस कुरियरने काहीही पाठवायचं नाही. काहीही नाही. कारण पार्सल हरवलं, तुटलं, पत्ता चुकला, परत आलं तर ते घ्यायला तुम्ही घरी नाही. त्याच्या आधीचा एक महिना फक्त लॉट आणि उरलंसुरलं एकदम घेणारा. त्याच्या आधीचे तीन महिने एकेक वस्तूंची विक्री. आणि त्याच्या आधी महिना दीड महिना यादी, फोटो, साफसफाई. म्हणजे झाले सहा महिने. तेवढे नसतील तर एकेकट्या विक्रीचा काळ कापा, यादीचा आणि शेवटच्या पंधरा दिवसांचा नको. मी शेवटचे पंधरा दिवस पाळले नाहीत, निघायच्या चार दिवस आधी एक खोका पाठवला, तो पत्ता सापडत नाही म्हणून परत निघाला आणि मी विमानात असताना शेजारच्या काकूंच्या दारात येऊन पडला. त्यांनी सांभाळला बिचाऱ्यांनी, पण पुढचे दोन महिने मी वेगळ्या टाइमझोनमधून त्या एका खोक्याचं ट्रॅकिंग करत होतो.

पैशाचंही असंच शेपूट राहतं. पेपालसारख्या ठिकाणी घेणारा १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो, म्हणजे तुम्ही तिकडे जाऊन स्थिरस्थावर झालात तरी इकडच्या विक्रीची तक्रार येऊ शकते. म्हणून पॅकिंगचे फोटो, कुरियरची पावती, ट्रॅकिंग नंबर आणि चॅट निदान सहा महिने ठेवायचं, फोन बदलला म्हणून उडवायचं नाही. आणि ज्या नंबरवर बँकेचा ओटीपी येतो तो नंबर शेवटचा व्यवहार मिटेपर्यंत बंद करू नका, हे लोक हमखास विसरतात. बाकी ठगांचे प्रकार तेच ते असतात. कुणी ठरल्यापेक्षा जास्त पैसे पाठवतो आणि वरचे परत पाठवा म्हणतो, कुणी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवतो, कुणी "माझा माणूस येऊन घेऊन जाईल, तुम्ही फक्त या लिंकवर माहिती भरा" म्हणतो. पैसे घ्यायला ओटीपी किंवा पिन द्यावा लागत नाही, आणि खात्यात दिसल्याशिवाय स्क्रीनशॉटला अर्थ नाही. समोरासमोर द्यायचं असेल तर दिवसाउजेडी, वर्दळीच्या ठिकाणी, आणि घरी बोलवायचंच झालं तर आख्खं कपाट उघडून दाखवू नका.

कुरियरमध्ये मला वजनापेक्षा आकाराने मारलं. कंपन्या लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये घेतात आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात, ते आणि खरं वजन यातलं जास्त असेल त्याचे पैसे. म्हणजे ४० बाय ३० बाय ३० चा खोका आत कापूस भरला असला तरी ७.२ किलोचा धरतात. पाकिटातल्या गाड्या म्हणजे सगळी हवाच, म्हणून खोका घट्ट बसेल असा शोधा आणि पाठवणी खर्च भाव सांगायच्या आधीच काढा. पाकिटातल्या गाड्या उभ्या, एकमेकींकडे तोंड करून, मध्ये पुठ्ठा. सुट्या गाड्या एकेक टिश्यूत गुंडाळून, कारण धातूवर धातू घासला की रंग उडतो. मऊ प्लास्टिकच्या फिगर्सना बबल रॅप थेट लावू नका, आधी कागद मग रॅप, नाहीतर गरमीत त्या फुग्यांचे गोल ठसे उमटतात आणि जात नाहीत. लेगो जोडलेला पाठवू नका, मोडा, टप्प्याटप्प्याने पिशव्यांत भरा, माणसं वेगळ्या छोट्या पिशवीत, पुस्तिका दोन पुठ्ठ्यांमध्ये. मोडताना जरा कसंतरी होतं, मी रात्री गाणी लावून मोडायचो.

लॉट घेणाऱ्या दुकानदाराबद्दल लोक फार वाईट बोलतात, मला तसं वाटत नाही. तो बाजारभावाच्या निम्म्यात मागतो कारण पुढचे तीनशे तास तो घालवणार असतो, तुम्ही नाही. फक्त त्याला माल निवडू देऊ नका. "यातल्या ह्या चाळीस घेतो" म्हणाला की नाही, सगळा खोका किंवा काहीच नाही. आणि दोघा तिघांना एकाच दिवशी वेगवेगळ्या वेळा देऊन बोलवा, एकाच्या समोर दुसऱ्याचा फोन आला की भाव आपोआप सरळ होतो.

बरोबर काय न्यायचं? मी एक बुटाचा डबा घेतला आणि ठरवलं की यात मावेल तेवढंच. डबा आधी, निवड नंतर, उलटं केलंत तर एक बॅग नुसती खेळण्यांची होते. खेळण्यातली पिस्तुलं हातातल्या सामानात घालू नका, सिक्युरिटीवर अडकतात, खरी वाटतील अशी तर काही देशांत आत नेणंच अवघड असतं. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, जवळच्या बॅगेतच. आणि एकसारखे सीलबंद दहा डबे नेलेत तर कस्टमवाल्याला तो विक्रीचा माल वाटणार, मग समजावत बसा. माझ्या डब्यात शेवटी ज्या गाड्या गेल्या त्यात एकही महागडी नव्हती. रंग उडालेली एक निळी पिकअप, मागचं दार नसलेली ॲम्ब्युलन्स, असलं सगळं. महागड्या गेल्याचं वाईट वाटेल असं वाटलेलं, नाही वाटलं.

एवढं करूनही उरतंच. माझ्या उरल्या सत्तरेक गाड्या आणि बाहुल्यांचा एक डबा. बाहुल्या ताईला परत, "तुझ्याच आहेत" म्हणून, ती अजून रागावलेली आहे. गाड्या भावाकडे ठेवल्या, पण नुसत्या ठेवल्या नाहीत, खोक्याला नंबर, आत यादीची प्रिंट, प्रत्येक लॉटचा कमीत कमी भाव लिहिलेला, आणि वर मोठ्या अक्षरात की पाकिटं उघडायची नाहीत. तीन महिन्यांत त्याने पन्नास विकल्या, मला न विचारता, कारण भाव लिहिलेले होते. उरलेल्यांतल्या दोन भाच्याने फोडल्या. दादाने मला फोटो पाठवून विचारलं आता काय करू, म्हटलं काही नको करू, त्या त्याच्या.